आमच्या घराण्याची ताठ मान

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेतही मी हे कधी नीट शब्दांत बोललो नाही. देवाला ठाऊकच आहे, मग बोलायचं कशाला, अशी स्वतःची समजूत घालत आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ थोडी सैल होते. तरी भीती वाटतेच. बाहेर चैत्राचं ऊन आहे आणि माझी बोटं गार पडली आहेत.

आम्ही दारव्ह्याचे ख्रिस्ती. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, वडील चर्चच्या मंडळीतच वाढले. मी कापसाच्या जिनात वजनकाट्यावर नोकरी करतो आणि मंडळीचा पंच आहे. रविवारी शास्त्रपाठ वाचायचं काम बहुधा माझ्याकडे असतं; आवाज बरा आहे म्हणतात. वाचताना एक गोष्ट मला नेहमी छळायची. ज्यांच्यासाठी समुद्र दुभंगला, त्या इस्राएली माणसांना चाळीस दिवस धीर धरवला नाही? मोशे डोंगरावर, आणि खाली यांनी सोनं वितळवून पूजेला वासरू केलं. देवाने त्यांना ताठ मानेचे लोक म्हटलं. त्यांची मुलं तशीच, नातवंडं तशीच. राजामागून राजा आला, आणि प्रत्येकाने बापाचाच कित्ता गिरवला. मी मनात म्हणायचो — काय ही माणसं!

आणि आमचं घर?

बाप्तिस्म्यानंतर देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, असं आजोबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. ते टाक पुढे वडिलांना जमिनीतल्या ज्वारीच्या पेवात सापडले. त्यांनी फेकले का? नाही. आणखी खोल पुरले. बैल आजारी पडला की वडील गावाबाहेरच्या मातामायला नारळ ठेवून यायचे. मातामाय म्हणजे कडुनिंबाखालचे तीन शेंदरी दगड. एकदा मी त्यांना विचारलं, "बाबा, आपण तं येशूचे ना?"

ते हसले. "येशूचेच हाओत रे. पण राहाचं तं याच गावात हाये ना!"

मला त्यांची लाज वाटली. त्या लाजेपोटीच मी पुढे पंच झालो असेन.

छप्पन साली शेजारच्या वस्तीतली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन परतली आणि त्यांनी घरातले देव एका दिवसात नाल्यात सोडून दिले. मातामायकडे जाणं बंद केलं. तिकडे फारसं कोणी फिरकेना. झाडावरच्या नवसाच्या चिंध्या विटल्या, दगडांवर धूळ बसली. पाळकसाहेबांनी उपासनेत तेच उदाहरण दिलं. म्हणाले, त्यांनी एका दिवसात सोडलं. तुम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, तुमच्या घरांत अजून काय काय पुरलेलं आहे ते देव पाहतो. मी मान डोलावली. सगळ्यात जोरात मीच डोलावली असेल.

पुढच्या उन्हाळ्यात देवीची साथ आली. मंडळीतल्या दोनच घरांत ती शिरली. माझी रूथ, पाच वर्षांची. आणि राहेलबाईची मार्था, सात वर्षांची. राहेलबाई विधवा, लोकांचं दळण-कांडण करून पोट भरणारी. तिचा बाप्तिस्मा लग्नाच्या वेळी झालेला, त्यामुळे मंडळीतल्या काही बायका तिला अजून बाहेरचीच समजत.

मी त्या जागेवर येतो आहे. जरा थांबा.

नवव्या दिवशी रूथचे डोळे उघडेनात. मी गुडघे टेकून प्रार्थना केली. उत्तर आलं नाही — की उत्तर येईपर्यंत मीच थांबलो नाही? जिनाच्या दुपारच्या सुट्टीत घरी आलो, तर बायको पोरीच्या उशाशी बसल्या बसल्या झोपली होती. मी रूथच्या फ्रॉकची किनार फाडली, चिंधी मुठीत दाबली, आणि जाऊन मातामायच्या कडुनिंबाला बांधली. आजारी लेकराच्या अंगावरचं कापड बांधायचं, म्हणजे माता ते घेते आणि लेकरू सोडते, अशी रीत. मला ती कोणी मुद्दाम शिकवली नव्हती. माझ्या हातांना ती येत होती. मग मी वाकलो आणि कपाळ दगडाला टेकवलं. दगड उन्हाने तापला होता. किती सहज वाकलो मी! देवापुढे इतका सहज मी कधी वाकलो होतो?

रूथ वाचली. मार्था गेली.

घाईत मी एक गोष्ट विसरलो होतो. नाताळात मंडळीतल्या सगळ्या मुलींना एकाच थानातलं कापड वाटलं होतं. निळं, पांढऱ्या फुलांचं. विटलेल्या चिंध्यांमध्ये ती एकच चिंधी लखलखत होती, आणि पाला तोडायला गेलेल्या आमच्याच एका बाईने ती ओळखली. आपल्यातल्या कोणीतरी बांधली, हे उघड होतं. पण कोणी? आजारी मुलींचे कपडे दोन्ही घरांत जाळून टाकले होते, त्यामुळे पाहायला काही उरलं नव्हतं.

मला कोणी विचारलंसुद्धा नाही. कारण आदल्याच रविवारी मी मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली होती — केवळ प्रार्थनेने माझी मुलगी वाचली. लोक रडले होते. मीही रडलो होतो, आणि ते अश्रू खोटे नव्हते, हे आठवलं की जास्त भीती वाटते.

राहेलबाईला पंचांपुढे बोलावलं. लेकीला पुरून तिला पंधरा दिवसही झाले नव्हते.

"म्या नाही बांधली, भाऊ," ती म्हणाली. "बांधली असती तं सांगतलं असतं. माही पोर गेली, आता कोणाले भेऊ?"

"मंग पोरगी काहून गेली?" एक पंच म्हणाला. "देवानं उगाच नेली काय?"

दुसरा हळूच बोलला, "पाहा, मान कशी ताठ हाये."

मी तिथेच होतो. तिच्यापासून चार हातांवर. एक वाक्य पुरलं असतं. मी खाली पाहत राहिलो, आणि लोकांना वाटलं, पंचाला दुःख झालं आहे.

तिला प्रभुभोजनातून, उपासनेतल्या भाकर आणि प्याल्याच्या विधीतून, दूर केलं. त्या रविवारी शास्त्रपाठ कोणता होता? सोन्याच्या वासराचा. कोणी वाचला? मी. ताठ मानेच्या लोकांचं ते सगळं मी स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचलं, आणि ती मागे दाराशी पदर ओढून ऐकत होती.

तीन वर्षं ती दर रविवारी आली. भाकर आणि प्याला पुढे येऊ लागला की उठून बाहेर जायची. मग एका दुपारी ती माझ्या घरी आली. दमा वाढला होता. ओसरीच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "लिहून घ्या भाऊ, चिंधी म्याच बांधली व्हती."

मी म्हणालो, "राहेलबाई —"

"बाहेर काढलेल्याले आपल्या कब्रस्तानात जागा देत नाहीत म्हन्तात. मले मार्थाजवळ माती पाह्यजे. बस." मग आत डोकावून तिने विचारलं, "तुमची रूथ बरी हाये ना? शाळेत जाते?"

तिला ठाऊक होतं? मला वाटतं, होतं. दोनच घरं होती, आणि आपण बांधली नाही हे तिच्याइतकं पक्कं कोणाला माहीत होतं? मी "हो" म्हणालो. आत गेलो, कागद आणला. तिचं पाप माझ्या अक्षरात लिहिलं आणि त्याखाली तिचा अंगठा घेतला.

चिंधी बांधली तेव्हा मी घाबरलेला बाप होतो, असं कोणी म्हणेल. तिचा अंगठा घेतला त्या दुपारी मी घाबरलेला बाप नव्हतो. पुढच्या रविवारी मंडळीच्या वतीने मी उभा राहिलो, तिचं नाव घेतलं, आणि देवाच्या नावाने तिला क्षमा केली. मी तिला क्षमा केली! तिने हात जोडले.

राहेलबाई अजून आहे. खोकते, दळण सुटलं आहे. आणि रूथ पंधरा वर्षांची झाली. तोंडावर व्रण आहेत, पण ती लाजत नाही. रविवारच्या शाळेत लहान मुलांना ते व्रण दाखवून सांगते — पाहा, मी मरत होते, माझ्या बाबांनी प्रार्थना केली आणि येशूने मला वाचवलं. मुलं तिच्या गालाला हात लावून पाहतात. मी दारातून ते ऐकतो. बापाच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतला जातो, हे मी कितीदा तरी मोठ्याने वाचलं आहे. तिसरा मी. मग बोटांवर मोजायला फार काही उरतं का? आजोबांनी पुरलं, वडिलांनी आणखी खोल पुरलं, आणि मी तर माझ्या लेकीच्या विश्वासातच पुरून ठेवलं. हे उकरलं तर तिचं काय होईल? नाही उकरलं तर ती उद्या कोणापुढे वाकेल?

इतकं लिहिलं. आत्ता अंगणात तिची बादली वाजली, आणि कागद झाकायला माझा हात आपोआप पुढे गेला.