नारिंगी चाकं

आमच्या नातेवाइकांत गेली तीन-चार वर्षं एक विनोद फिरतो आहे. तो माझाच. "हिला साठीनंतर सायकलचं वेड लागलं. आणून दिली. चार दिवस मिरवली, आता हँडलवर पंचे वाळत घालते." लग्नाच्या पंगतीत, बारशाला, कुणाच्या नव्या घराच्या पूजेला मी तो सांगायचो आणि लोक हसायचे. बायकोही हसायची. ज्यांनी ज्यांनी तो ऐकला त्यांच्यापर्यंत खरी हकीकत पोचावी म्हणून हे लिहितो आहे. एकेकाच्या घरी जाऊन सांगायला मी सुरुवात केली होती, पण आता काही जण पुण्याला, काही मुलांकडे परदेशात. सगळ्यांना गाठणं माझ्याच्याने होणार नाही.

बायको सांगलीची. सपाट गाव. त्या काळातही तिथल्या मुली शाळा-कॉलेजला सायकलवर जात. लग्न होऊन ती साताऱ्याला आली. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर. पहिल्याच वर्षी तिने विचारलं होतं, माहेरची सायकल आणू का? मी म्हणालो, इथे सायकल तुझ्यावर बसेल. तेव्हाही लोक हसले होते. पुढे शिक्षिकेची सगळी नोकरी तिने पायी केली, जाताना उतार आणि दमून येताना चढ. सायकल माहेरी तिच्या धाकट्या भावाने वापरून संपवली.

मी एका सरकारी खात्याच्या भांडारात होतो. बादल्या, दोर, कुलपं, फावडी खरेदी करायची आणि ती वर्षानुवर्षं टिकली पाहिजेत, एवढंच माझं काम. दिसायला बरी असलेली वस्तू दिसली की मला तिचा संशय येतो. घरातले चमचेसुद्धा असे निवडले होते की पाहुण्यांचं मनगट दुखावं.

निवृत्तीनंतर आम्ही सांगलीला राहायला आलो. सामान पुरतं लागायच्या आधीच ती म्हणाली, "मला सायकल घ्यायचीय. हरिपूरला जायचंय, संगमावर. चिंचांच्या झाडांखालून. पूर्वी जायचे तशी."

दसऱ्याच्या आधी दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीतला, बोलका. गिअरची सायकल दाखवायला लागला तर हिने त्याला हातानेच थांबवलं. "गिअर कशाला? सांगलीत मला एक चढ दाखवा."

"पुलाचा हाय की, काकू."

"तिथे मी उतरून ढकलीन."

बिनगिअरची, हलकी, निळ्या फ्रेमची सायकल तिने पसंत केली. चाकांच्या दोन जोड्या त्या सायकलला बसत होत्या. एक नारिंगी रिमची, पातळ टायरची. दुसरी स्टीलची, जाड टायर, दाट तारा, हातात घेतली की खांदा खाली जावा अशी. हिने नारिंगी चाकाला एका बोटाने फिरवलं. आम्ही बोलत राहिलो तरी ते फिरतच होतं.

"हीच," ती म्हणाली.

"रस्ते बघितलेस का इथले? पूर येऊन गेल्यापासून निम्मे उखडलेत. उसाच्या ट्रॉल्या, बाभळीचे काटे. ही शोभेची चाकं आहेत."

"पंक्चर काढता येतं मला. कॉलेजात मैत्रिणींचीही काढायचे."

"मागे कॅरिअर बसणार नाही. भाजी कुठे ठेवणार?"

"भाजी तुम्ही आणता ना? मग तुम्हीच आणा," ती म्हणाली. दुकानदार हसला. ती झेंडूची फुलं बघायला पुढे गेली आणि मी मागे राहिलो.

मी त्याला म्हणालो, जाड चाकं बसवा.

"पण काकूंनी ती..."

"मी सांगतो त्यांना."

घरी येऊन मी सांगितलं, नारिंगी जोडी संपली, पुण्याहून यायला दिवाळी उजाडेल, दसरा चुकेल. जोडी दुकानातच होती, भिंतीवर टांगलेली. माझा हेतू वाईट नव्हता. तिचं भलं मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, असं मला खरंच वाटत होतं.

दसऱ्याला तिने सायकल धुतली, हार घातला, पुढच्या चाकाला हळदीकुंकू लावलं. मी बाजूला उभा होतो. माझा चेहरा तिला पडलेला वाटला असावा. म्हणाली, "बरं झालं एका परीने. नारिंगीवर कुंकू उठून दिसलं नसतं." मी फसवलं होतं आणि ती माझी समजूत घालत होती.

ती रोज सकाळी निघायची. हरिपूरच्या रस्त्याला लागायची आणि अर्ध्यातून परत यायची. आल्यावर पायरीवर बसून गुडघे चोळायची. "उद्या संगमापर्यंत जाईन," म्हणायची. महिनाभर म्हणाली. मग म्हणायची बंद झाली. मग एक दिवस म्हणाली, "पायांत जीवच राहिला नाही हो माझ्या."

त्याच सुमारास ब्रेक आवळून घ्यायला मी सायकल दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "काका, बसा की जरा. नाहीतर असं करा, तोवर ही मारून बघा." त्याने मला दुसरी एक सायकल दिली. तीच बनावट, नारिंगी चाकांची. मी गल्लीला एक फेरी मारली. पॅडलवर नुसता पाय ठेवला आणि ती निघाली. मी वयाने बायकोपेक्षा मोठा, सायकलची सवय नाही, तरी कोपरा कधी आला ते कळलं नाही. मग आमची घेऊन घराकडे निघालो. मारुती चौकापर्यंत येताना मला घाम फुटला होता.

त्या दिवशी मला सगळं समजलं. घरी आलो तेव्हा ती तिळाचं तेल कोमट करून गुडघ्याला लावत होती. "झाला का ब्रेक?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तेवढंच म्हणालो. चाकं जड आहेत म्हणावं तर मग ती कोणी निवडली हे आलंच.

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. गुडघ्यांची झीज वयाप्रमाणे आहे, काळजीचं काही नाही, असं ते म्हणाले. तिने त्यातला 'वय' हा एकच शब्द घरी आणला. फडताळाच्या वरच्या कप्प्यातल्या बरण्या खाली घेतल्या. देवळाच्या पायऱ्या चढणं सोडलं. साताऱ्याच्या शाळेतल्या तिच्या जुन्या सहकारी शिक्षिका एका सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं बघायला निघाल्या, हिला न्यायला गाडी इथपर्यंत पाठवतो म्हणाल्या. हिने फोनवर सांगितलं, "तुम्ही जाऊन या गं. मी कुठे चालणार पठारावर?" मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. पान उलटायला मला धीर झाला नाही, कारण आवाज झाला असता.

आणि विनोद? तो याच काळात सुरू झाला. तिचा भाऊ हळदीचा व्यापारी. एकदा आला, दारात सायकल बघून म्हणाला, "अक्का, तुजं विमान उडंना झालंय जणू?" मग माझ्याकडे वळला. "दाजी, चाकं लय जड दिसत्यात की ओ हिची?" मी घाबरलो. एकदम बोलून गेलो, चाकांचं काय घेऊन बसलास, तुझ्या बहिणीचं वेड चार दिवसांचं. तो हसला आणि चाकांचा विषय गेला. हे शस्त्र चालतं असं मला कळलं. पुढे कुणी विचारायच्या आधीच मी ते काढू लागलो.

परवाच्या उन्हाळ्यात मेहुण्याकडे जेवायला गेलो होतो. आमरसाची दुसरी वाटी चालली होती. मेहुण्याची नवी सून मला म्हणाली, "मामा, आत्यांच्या सायकलची गंमत सांगा ना." मी सांगितली. सगळे हसले. मग बायको त्या मुलीला म्हणाली, "सायकल चांगली होती गं. बाईच जुनी निघाली."

हे तिने हसत म्हटलं, वाटीतला रस बोटाने निपटत. मी माझी वाटी बाजूला सारली.

परतताना रिक्षात मी सांगितलं. घरी पोचेपर्यंत थांबलो असतो तर पुन्हा गप्प बसलो असतो, हे मला माहीत होतं. गणपती पेठेत पुढे हातगाड्या अडकल्या होत्या आणि रिक्षा उभी होती. मी म्हणालो, नारिंगी चाकं संपली नव्हती. मीच बदलून घेतली. ती जड होती म्हणून तुला संगम गाठता आला नाही. मी ब्रेकच्या वेळी दुसरी सायकल चालवून बघितली होती, तेव्हापासून मला माहीत आहे.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. म्हणाला, "काका, बाजूला घिऊ का जरा?"

"चला तुम्ही," बायको त्याला म्हणाली.

घरी आल्यावर तिने साडीसुद्धा बदलली नाही. स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि खालच्या बरण्या एकेक करून वरच्या कप्प्यात ठेवल्या. लोणच्याची मोठी बरणीसुद्धा. मी स्टूल धरायला गेलो तर म्हणाली, "लांब व्हा."

बरण्या संपल्यावर खाली उतरली आणि बसली. "चाकं बदललीत ते एक वेळ सोडा. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. पण डॉक्टरकडे तुम्ही माझ्याबरोबर आला होतात. बाहेर बाकावर बसला होतात. मी आत त्यांना पायांत जीव नाही म्हणून सांगत होते, आणि तुम्ही बाहेर बसून होतात."

"हो," मी म्हणालो.

"कासला जाऊ दिलं नाहीत मला."

मी तिला अडवलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. म्हणालो नाही.

तिचे गुडघे अगदी विशीतले होते असा माझा दावा नाही. झीज होतीच, आहे. पण दोन-तीन वर्षं ती स्वतःला जेवढी म्हातारी समजली तेवढी ती नव्हती. तेवढं म्हातारपण मी आणून दिलं होतं.

आठवडाभर जेवणाच्या ताटापुरतं बोलणं. मग एका सकाळी तिने मला दोन कामं सांगितली. पहिलं, नारिंगी चाकं. दुसरं, "जिथे जिथे तो विनोद सांगितलात, तिथे तिथे हेही सांगा. मी बरोबर येणार नाही. आणि जुनी चाकं टाकायची नाहीत. टिकाऊ आहेत ना? तुमच्यासाठी एखादी सायकल बघा आणि तिला बसवा."

दुकानदाराकडे आता नारिंगी रंग नव्हता. मी खरं सांगतोय यावर तिचा विश्वास बसावा म्हणून तिला फोन लावून त्याच्याच हातात दिला. तो म्हणाला, "खरंच न्हाई ओ काकू, आईशप्पत. पण मागवतो." यायला पंधरवडा लागला. तोवर माझ्यासाठी त्याने एक जुनी फ्रेम शोधून तिला ती जड चाकं बसवली. वर कॅरिअर, स्टँड, घंटी. माझ्या आवडीचं सगळं.

मेहुण्याला मी त्याच्या दुकानात, हळदीच्या पोत्यांच्या मध्ये बसून सांगितलं. तो आधी हसायला लागला, मग थांबला. "दाजी, लय वाईट केलासा हे," तो म्हणाला. "मीबी किती हसलो ओ अक्काला." संध्याकाळी तो घरी आला. अक्काशी काय बोलायचं ते त्याला सुचेना. नव्या चाकात हवा बरोबर आहे का, एवढंच तीनदा विचारून गेला.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं हरिपूरला निघालो. तिच्या सायकलला कॅरिअर नाही, म्हणून पंप आणि पंक्चरचं सामान माझ्या मागे. ती म्हणाली होती, बरोबर जाऊ. पण गावभागातून बाहेर पडेपर्यंतच ती पुढे निघून गेली. तिलाही आवरत नसावं. एकदा लांबवर तिचा पदर दिसला, मग वळणावर तोही दिसेनासा झाला. मी चिंचांच्या सावलीतून पॅडल मारत होतो. मांड्या भरून आल्या होत्या. रोज सकाळी तिने हे ओढलं होतं, हे माझ्या पायांना आता कळत होतं.

खिशात फोन वाजला. मी एक पाय टेकून घेतला.

"पंक्चर झालीय," ती म्हणाली. "काटाच आहे. काही बोलू नका. पंप घेऊन या."

मी काही बोललो नाही. पोचलो तेव्हा ती एका जुन्या चिंचेखाली उभी होती. पुढचं चाक खटक्याचं, ते तिने आधीच काढून ठेवलं होतं. मी सायकलवरून उतरलो तो हँडलला धरून तसाच उभा राहिलो.

"दम लागला?"

"लागला."

"वय झालं तुमचं," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. "पंप द्या."

तिने टायर सोडवला, ट्यूब बाहेर काढली, रस्त्याकडेच्या डबक्यातल्या पाण्यात बुडवून भोक शोधलं. काटा काढला, ठिगळ लावून अंगठ्याने दाबून धरलं. तिचे हात विसरले नव्हते. मी टायर धरून बसलो होतो. खताची पोती भरलेली एक ट्रॉली जवळून गेली आणि ड्रायव्हरने वाकून आमच्याकडे बघितलं. हवा भरून झाल्यावर तिने चाक जागेवर बसवलं आणि एका बोटाने फिरवून बघितलं.

"आता घरी?" मी विचारलं.

"घरी कशाला?" साडी खोचत ती म्हणाली. "संगम पुढे आहे. तुम्ही या सावकाश."