न लागणारं दार

गल्लीत तिला सगळे किल्लीताई म्हणतात. खरं नाव विचारलं तर शेजारणीलाही क्षणभर थांबून आठवावं लागतं. दुकान म्हणजे जिन्याखालची चिंचोळी जागा. पुढे एक फळी, फळीवर किल्ली घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. बाई ठेंगणी, बोटं जाड, आणि नजर अशी की कुणाच्याही घरी गेली तरी आधी दाराकडे बघणार, मग घरातल्या माणसांकडे. लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे बापडं. न्हाव्याची नजर डोक्याकडे जातेच की.

दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं. कुलूप हातात घेतलं की ते कुठे अडलंय हे तो कानाला लावून सांगायचा. मग त्याच्या हाताला कंप सुटला. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग कानस किल्लीवरून घसरायला लागली, आणि एक दिवस त्याने कानस तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "मी सांगतो, तू कर." तो सांगत गेला, ती करत गेली. रोज भांडणं व्हायची. तो म्हणे हलकं घास, ती म्हणे मग तुम्हीच घासा, आणि मग दोघंही गप्प व्हायची, कारण तो घासू शकत नव्हता. काही वर्षांत ती अशी तयार झाली की नवऱ्याला सांगण्यासारखं फार उरलं नाही. तरी तो स्टुलावर बसून सांगतच राहिला आणि ती ऐकतच राहिली. हे प्रेमच होतं, दुसरं काय.

घरात तिसरा माणूस दीर. बस डेपोत कारकून. माणूस वाईट नव्हता, फक्त काळजी आणि हुकूम यांतला फरक त्याला कळत नसे. वहिनी गल्लीत कुलपं उघडते इथपर्यंत त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण एका परक्या शहरातल्या छापखान्यातून फोन आला आणि घरात वाजलं. तिथलं जुनं लोखंडी कपाट बंद पडलं होतं, किल्ली हरवली होती, आणि मालकाला कपाट कापायचं नव्हतं. पूर्वी कधीतरी नवऱ्याने तिथलं काम केलेलं, म्हणून त्यांनी नंबर शोधून काढला होता.

"मी जाते," किल्लीताई म्हणाली.

"एकट्या? परक्या शहरात?" दिराने ताट बाजूला सारलं. "वहिनी, दुकान चालत नसेल तर ती जागा मोबाइलवाल्याला भाड्याने देऊ. मी बोलून ठेवलंय."

तर त्याने बोलूनही ठेवलं होतं! किल्लीताईच्या डोक्यात तिडीक गेली. गल्लीतल्या किल्ल्यांवर दुकान तगणार नाही, बाहेरची कामं घेतली तरच ते राहील, हे तिलाही कळत होतं. नवऱ्याने बराच वेळ हात मांडीखाली दाबून धरले आणि मग म्हणाला, "जाऊ दे तिला. पण भानगड झाली तर तू म्हणशील ते." दिराने मान डोलावली. म्हणजे या एका फेरीवर दुकान टांगलेलं होतं, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं.

दिवसाउजेडी पोहोचेल अशीच बस तिने धरली होती. पण वाटेत गाडीने मान टाकली, दुसरी गाडी येईपर्यंत अंधार पडला, आणि ती त्या शहरात उतरली तेव्हा स्टँडवरची दुकानं शटर ओढत होती. छापखान्याच्या मॅनेजरचा फोन बंद. तिने पिशवी पुढे घेतली, पट्टा अंगावरून आडवा टाकला आणि जिथे दिवा होता तिथे जाऊन उभी राहिली.

लगेच एकजण आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. "ताई, नवीन दिसताय. कुठे सोडू? माझ्या ओळखीचं लॉज आहे, एकदम घरच्यासारखं."

"घरच्यासारखं कशाला, घरीच चाललेय," ती म्हणाली. "भाऊ येतोय घ्यायला. पोलिसात आहे, जरा उशीर होतोच त्याला." तिला भाऊ नव्हता. पण हे इतक्या सहज तोंडातून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. माणूस दुसऱ्या प्रवाशाकडे वळला.

ती तिथे रेंगाळली नाही. रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान उघडं होतं, काउंटरवर बाई होती, आत गिऱ्हाईक होतं. ती सरळ आत गेली आणि स्पष्ट विचारलं, "मी या शहरात पहिल्यांदा आलेय. जवळपास बायका उतरतात असं लॉज कुठलं?" औषधवालीने चष्म्यावरून तिला न्याहाळलं, मग मालकीण स्वतः तिथेच राहते अशा एका लॉजला फोन लावला, दुसरा फोन करून ओळखीचा टॅक्सीवाला बोलावला. किल्लीताईने गाडीचा नंबर फोनवर टिपून नवऱ्याला धाडला, मागच्या सीटवर बसली आणि वाटभर फोनवर नवऱ्याशी मोठ्याने बोलत राहिली. कुठल्या चौकातून वळलो, डाव्या हाताला काय दिसतंय, सगळं. टॅक्सीवाला शेवटी हसून म्हणाला, "ताई, रस्ता माझ्यापेक्षा तुम्हीच चांगला सांगताय."

लॉजच्या काउंटरवरच्या कारकुनाने किल्ली काढली आणि बाकावर पेपर वाचणाऱ्या माणसाला सहज ऐकू जाईल अशा आवाजात खोलीचा नंबर पुकारला. वर विचारलं, "एकट्याच ना?"

"मिस्टर मागून येताहेत," ती म्हणाली. "आणि ही खोली नको, दुसरी द्या. नंबर ओरडू नका, किल्लीवर लिहिलेला असतो. मला वाचता येतं."

कारकून वरमला आणि त्याने जिन्याजवळची दुसरी खोली दिली. इथपर्यंत बाईने एक पाऊल चुकीचं टाकलं नव्हतं. पुढे जे केलं ते मात्र फक्त कुलूपवालीच करू शकते.

खोलीत शिरून तिने खाटेखाली बघितलं, न्हाणीत बघितलं, खिडकी ओढून पाहिली. दाराची आतली कडी ढिली होती, तिचे स्क्रू लाकडात नुसते फिरत होते. उरलं कुलूप. तिने किल्ली दिव्याखाली धरली आणि दात बघून तोंड वाकडं केलं. हे कुलूप ती ओळखत होती. घाऊक येणारा माल, दिसायला चकचकीत आणि किल्ल्यांचे मोजकेच नमुने. समोरच्या रिकाम्या खोलीच्या दाराला तिने आपली किल्ली लावून बघितली. दार उघडलं. म्हणजे या मजल्यावरच्या कुणाच्याही किल्लीने तिचं दार उघडू शकत होतं.

दुसरी कुणी असती तर खाली जाऊन खोली बदला म्हणाली असती. नाहीतर दाराला टेबल लावलं असतं. पण हिचे हात शिवशिवले. कुलपाचा आतला भाग काढायचा, खटके उलटसुलट बसवायचे, पिशवीतली कोरी किल्ली घासून घ्यायची, म्हणजे काउंटरवरच्या किल्लीनेही दार उघडणार नाही. सकाळी होतं तसं करून द्यायचं. कोणाला पत्ताही लागला नसता. तिने स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दाराच्या कडेचा तो लांब स्क्रू फिरवायला घेतला. स्क्रू गंजलेला होता. दुकानात असती तर तिने आधी तेल सोडून वाट बघितली असती. पण दमलेली होती, घाईत होती आणि स्वतःवर जरा जास्तच खूश होती. तिने जोर लावला. कट् आवाज झाला आणि स्क्रूचं डोकं हातात आलं. कुलपाचा आतला भाग सटकन बाहेर निसटला, आणि दारात एक गोल भोक उरलं. उरलेला स्क्रू आत रुतून बसला होता, त्यामुळे तो भाग पुन्हा बसवायचीही सोय नव्हती.

भोकातून बाहेरच्या दिव्याचा उजेड खोलीत आला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्य दुसऱ्यांची दारं सुरक्षित करण्यात गेलं, आणि परक्या शहरात रात्री स्वतःचंच दार आपल्या हातांनी उघडं पाडलं!

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. दारापाशी येऊन थांबली. भोकातला उजेड गेला.

"कोण आहे?" ती ओरडली.

उजेड परत आला, पावलं पुढे गेली. कुणी नुसतं वाकून पाहिलं असेल. किंवा नुसतं पाहायला आलं नसेलही. तिने पाठ दाराला टेकवली, स्क्रू ड्रायव्हर मुठीत धरला. मनात आलं, अशीच बसते उजाडेपर्यंत. कुणाला कळायला नको. कुलूपवालीने कुलूप मोडलं, ही शोभा चव्हाट्यावर कशाला?

फोन वाजला. नवरा.

"पोचलीस? खोली बरी आहे ना? दार लागलं?"

मागून दिराचा आवाज येत होता. म्हणजे तोही कान लावून बसला होता. ठीक आहे, असं म्हटलं असतं तर दुकान वाचलं असतं. शब्द अगदी जिभेवर होते. तिने डोळे मिटले. खोटं आज तिने पुष्कळ सांगितलं होतं, पोलिसातला भाऊ, मागून येणारा नवरा, आणि त्याचं तिला काडीचं वाईट वाटत नव्हतं. पण ते परक्यांना. आता हे खोटं बोलली तर ती या बंद न होणाऱ्या दाराआड अगदी एकटी पडणार होती, आणि ज्यांना तिची फिकीर होती ते निवांत झोपणार होते.

"दार लागत नाही," ती म्हणाली. "मीच मोडलं. कुलूप बदलायला गेले आणि स्क्रू तुटला. बाहेर कुणीतरी येऊन गेलं. मी आत्ता पिशवी घेऊन खाली मालकिणीकडे जातेय. फोन ठेवू नका."

मग दिराने फोन हिसकावून घेतला असावा. "वहिनी! मी सांगत नव्हतो? मी काय सांगत होतो?"

"भावोजी, उद्या बोला. आत्ता नुसते फोनवर राहा."

ती जिना उतरली. कानाला फोन, दुसऱ्या हातात कुलपाचा सुटा भाग. पेपर वाचणारा माणूस बाकावर नव्हता. काउंटरमागचं दार तिने ठोठावलं, आणि मालकीण बाहेर आली ती केस सोडलेली, नाकावर राग घेऊन.

"तुमच्या खोलीचं कुलूप मोडलं," किल्लीताई म्हणाली. "माझ्या हातून. माझा धंदाच तो आहे. उद्या नवीन बसवून देते. पण आज रात्री मला बंद होणारं दार हवंय, आणि जागं असलेलं माणूस."

मालकिणीने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "गिऱ्हाईक चादर नेतं, टॉवेल नेतं, बल्बसुद्धा नेतं," ती म्हणाली. "कुलूप सोडवत बसणारं गिऱ्हाईक आज बघितलं!" मग बराच वेळ तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. कारकुनालाही त्यात त्याचा वाटा मिळाला, मजल्यावर कोण फिरतंय हे बघायला त्याला वर पिटाळण्यात आलं, आणि बोलता बोलताच मालकिणीने स्वतःच्या खोलीत दुसरी गादी टाकली. दार लावताना ती वळून म्हणाली, "आणि हे बघ, माझ्या दाराला हात लावायचा नाही."

फोनमधून नवऱ्याचं हसू ऐकू आलं. किल्लीताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता ठेवा," ती म्हणाली. "आता ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी छापखान्यातलं कपाट दुपारपर्यंत उघडलं. आत काय होतं ते तिने बघितलंही नाही, तो तिचा प्रांत नव्हे. परतताना बाजारातून चांगलं कुलूप घेऊन लॉजच्या दाराला बसवलं, कडीचे स्क्रू बदलले. मालकिणीने त्या खोलीच्या जुन्या किल्लीने शेजारची दारं स्वतः उघडून बघितली, एकामागून एक उघडत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला, आणि सगळी कुलपं बदलायला परत ये म्हणून तिने बजावलं.

घरी पोहोचली तर दीर दुकानातच, स्टुलावर. नवरा बाजूला उभा. किल्लीताईने पिशवी फळीवर ठेवली. "भानगड झाली," ती म्हणाली. "माझ्याच हातून झाली. आणि निस्तरलीही मीच. तिकडे अजून काम मिळालंय, ते मी करणार आहे. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

दीर कोऱ्या किल्ल्यांकडे बघत राहिला. "त्या रात्री तुम्ही फोन ठेवलात," तो म्हणाला, "आणि मला झोप लागली. दादाला विचारा, घोरत होतो. मला वाटलं होतं डोळा लागणार नाही."

"मग?"

"तुम्ही पहिल्यांदाच ठीक आहे म्हणाल्या असतात ना वहिनी, तर मी रात्रभर जागा राहिलो असतो. सगळेच ठीक आहे म्हणतात." त्याने स्टूल भावाकडे सरकवला. "मोबाइलवाल्याला मी नाही म्हणून सांगतो."

आता ती महिन्याकाठी एखादी फेरी करते. कधी पोहोचायला रात्र होतेच. गल्लीतली एखादी मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली की आई तिला आधी या दुकानात घेऊन येते, आणि किल्लीताई कानस चालवता चालवता सांगते, की थापा मारायच्या तर परक्यांना मार, खुशाल मार, घरच्यांना मात्र जे आहे ते सांग.

परवा किल्लीताईला बसमध्ये बसवून दीर परत येत होता. जिन्यात शेजारच्याने हटकलं, "काय हो, वहिनींना असं एकटं पाठवता, तुम्हाला घोर लागत नाही?"

"लागतो की," दीर म्हणाला. "पण वहिनी ठीक आहे म्हणाल्या की ठीकच असतं. नसलं तर तसं सांगतात." दोन पायऱ्या चढून तो थांबला. "तुमच्या घरात तसं कोण सांगतं?"