आईने सांगितलेला शब्द

कॅनडातल्या किचनर शहरात, तिथल्या मूळनिवासी लोकांच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरचं काम पाहत होतो. आमच्या संचालक बाई त्याच समाजातल्या. सभासदांना डॉक्टरकडे नेण्यापासून घर मिळवून देण्यापर्यंत सगळं त्या बघत, पण स्वतःची भाषा मात्र त्यांना येत नव्हती. त्यांच्या आईने ती लहानपणी शाळेत बोलल्याबद्दल मार खाल्ला होता. त्यामुळे तिने मुलांना ती शिकवलीच नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "विसरले मी."

सभासदांनी भाषेचा वर्ग मागितला, तेव्हा बाईंनी तो बेसमेंटमध्ये सुरू केला आणि पहिलं नाव स्वतःचंच घातलं. हिवाळाभर त्या लहान मुलांशेजारी बसून शब्द घोकत होत्या.

वार्षिक सभेत त्या माईकपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांचं त्या भाषेत स्वागत केलं. तशी पहिल्या रांगेतली त्यांची म्हातारी आई एकदम हसत सुटली.

"अगं, तू तर आम्हाला शिजवायला निघालीस!" असं म्हणून तिने तिथूनच स्वागताचा बरोबर शब्द मोठ्याने सांगितला.

सगळा हॉल खदखदून हसला. बाईंना हसता हसता रडू आलं. त्यांनी तो शब्द आईकडे बघत पुन्हा म्हटला.

"आणखी एकदा," आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती बेसमेंटमध्ये आली आणि सरळ शिक्षिकेशेजारी खुर्ची ओढून बसली.