जगू मेस्तांची फुंकर

होडीवरून बोटं फिरवण्याआधी जगू मेस्त तिच्यावर फुंकर घालायचे. फायबरची होडी उलटी करून ठोकळ्यांवर ठेवलेली असायची आणि तिच्या पोटावरचा जुना रंग ते काचकागदाने घासून काढत असायचे. थोडा भाग झाला की तोंडावर बांधलेला ओला पंचा हनुवटीखाली ओढत, खोल श्वास घेत आणि गाल फुगवून धूळ उडवत. मग डोळे मिटून त्या जागेवरून बोटं फिरवत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कतारमध्ये, दोह्यातल्या होड्या दुरुस्त करणाऱ्या यार्डात स्टोअरकीपर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना असं पाहिलं. धुळीने भुवया पांढऱ्या झालेला तो माणूस मला म्हातारा वाटला. ते तेव्हा चाळिशीचेही नव्हते.

मेस्त म्हणजे सुतार. देवगडकडच्या एका खाडीकाठी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी होड्या बांधल्या जात. फळीवरचा भुसा पुसायचा नाही, फुंकायचा, ही वडिलांची शिकवण. "फुकल्याशिवाय लाकूड बोलना नाय, मास्तरांनू," ते मला सांगत. मी खोलीत पुस्तक घेऊन बसतो, म्हणून मी मास्तर. हे लाकूड नाही, फायबरग्लास आहे, ही धूळ काचेची आहे, असं मी एकदा म्हटलं तर ते हसले. "काच आसा तर आसा. हात माझो सुताराचो आसा."

घासता घासता निळ्याखाली पांढरा निघे, पांढऱ्याखाली तांबडा. "हरेक धन्याक वाटता आपणच पयलो," ते म्हणत. होडीचा अरब मालक येऊन उद्या काम खलास होईल का विचारी, तेव्हा मेस्त गंभीर चेहऱ्याने "इन्शाल्ला" म्हणत. आमच्या गावचा 'बघूया' आणि यांचा 'इन्शाल्ला' हे सख्खे भाऊ, असं मग मला समजावत.

स्वतःच्या होडीबद्दल मात्र ते थट्टा करत नसत. घरी पडवीत फणसाच्या फळ्या सुकत ठेवल्या होत्या. "एक होडी बांधतलंय. लाकडाची, आपल्या हातान. मगे मेलंय तरी चलात." दर सुट्टीला जाऊन ते फळ्या उलटसुलट करून येत आणि पुन्हा काचकागद हातात घेत.

खोकला कधी सुरू झाला ते आठवत नाही. मल्याळी फोरमनने मास्क आणून दिला. मेस्तांनी तो मुकाट्याने लावला आणि फुंकरीच्या वेळी पंच्यासारखाच खाली ओढला. मी बोललो, फोरमन रागावला. बाकी सगळं त्यांनी ऐकलं, फुंकर सुटली नाही. श्वास सोडताना धूळ दूर जाते, हे त्यांना दिसत होतं. त्याआधी घेतलेला श्वास कोणालाच दिसत नव्हता. पुढे जिना चढताना ते मध्येच बसू लागले. डॉक्टरांनी फुप्फुसं कडक झाल्याचं सांगितलं आणि कंपनीने त्यांना घरी पाठवलं.

पुढच्या सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. पडवीत ते एका फळीपुढे बसले होते. रंध्याचे दोन हात मारत आणि थांबत. मेस्तवहिनी खांबाला टेकून बघत होत्या. फळीवर भुसा साचला. मेस्तांनी मान खाली घातली, ओठ जुळवले. छाती वर आली, खांदे वर आले. भुसा हलला नाही. पुन्हा एकदा तसंच. वहिनी पदर घेऊन पुढे झाल्या.

"पुसू नको गो. पुसल्यार धूळ आत बसता." मग ते माझ्याकडे वळले. "मास्तरांनू, तुमी फुका."

मी फुंकर घातली. भुसा उडाला. त्यांनी डोळे मिटले आणि फळीवर बोटं ठेवली. इतक्या वर्षांच्या काचकागदाने त्या बोटांची टोकं झिजून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. ती बराच वेळ फिरत राहिली. काय म्हणतं लाकूड, मी विचारलं.

"आयकाक येना नाय," ते म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला.

त्यांच्या मृत्यूची बातमी मला यार्डातच कळली. समोर ठोकळ्यांवर एक होडी अर्धी घासून झाली होती, तांबडा थर उघडा पडला होता. नव्या माणसाने घासायचं मशीन बंद केलं आणि हाताने धूळ पुसून टाकली.