ढगाकडे पाहणाऱ्या बाईची सही

एजन्सीची मेल आली तेव्हा मी टोमॅटो पुसत होतो. पांढऱ्या कागदावर टोमॅटो, बाजूने खिडकीचा उजेड, वर पाण्याचे चार थेंब. हा माझा धंदा आहे. नोकरीतून वेळेआधी मोकळा झाल्यापासून मी इंटरनेटवरच्या एजन्सींना फोटो आणि दहा-पंधरा सेकंदांच्या चित्रफिती देतो. जगात कुणाला तरी टोमॅटो हवा असतो, तो माझा टोमॅटो उतरवून घेतो आणि माझ्या खात्यात चहासुद्धा येणार नाही एवढी रक्कम जमा होते. टोमॅटो मात्र हजार वेळा विकता येतो, एवढीच यातली गंमत.

माणसांचे फोटो याहून बरे जातात. माझी बायको आजवर डॉक्टर, समाधानी विमाधारक, डोकेदुखीची रुग्ण आणि एकदा एका नॉर्वेजियन संकेतस्थळावर 'योगगुरू' होऊन गेली आहे. तिने त्यासाठी एका फॉर्मवर सही केली होती. मी 'इथे कर' म्हणालो, तिने केली. लग्नाच्या नोंदणीतही असंच झालं होतं.

तर मेल. तीन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी मी यवतमाळला गेलो असताना दारव्ह्याच्या रस्त्यावर एक फोटो काढला होता. कापसाचं शेत, मध्ये उभी बाई, कमरेला वेचलेल्या कापसाची झोळी, एक हात कपाळावर आणि नजर आभाळात. चेहरा असा की पाहणाऱ्याने पाकीट उघडावं. मी त्याला 'पावसाची वाट पाहणारी शेतकरी स्त्री' असं नाव दिलं, खाली संकट, प्रतीक्षा, दुष्काळ, आशा असे पंचवीसेक शोधशब्द चिकटवले आणि विसरलो. तो माझा सर्वांत जास्त खपणारा फोटो ठरला. पण बाईची लेखी संमती नसल्यामुळे तो फक्त बातम्या-लेखांसाठीच विकता यायचा. आता कुणाला तरी तो जाहिरातीसाठी हवा होता. एजन्सीने विचारलं होतं: संमतीपत्र देता का?

त्या एका सहीत माझी नवी लेन्स होती. बायकोला म्हटलं, "यवतमाळला जाऊन येतो."

"एका सहीसाठी?"

"प्रवासवर्णनही होईल."

आधी वाटेचं सांगतो, कारण ते विचारणाऱ्यांच्या मेल येतात. पुण्याहून थेट ट्रॅव्हल्सच्या बस आहेत, पण त्यात पाय दुमडून यवतमाळपर्यंत नेले की तिथे ते उलगडत नाहीत. मी रेल्वेने धामणगावला उतरलो आणि पुढे एसटी धरली. नोव्हेंबरअखेरचं ऊन, दुतर्फा शेतं, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला. कापसाने ठासून भरलेल्या गाड्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यांकडे जाताना काटे आपला वाटा काढून घेतात. हिंदी सिनेमावाल्यांनी बर्फासाठी उगाच एवढे पैसे घालवले, असं वाटलं.

यवतमाळात बसस्टँडजवळच्या लॉजवर साडेतीनशेत खोली मिळाली, गरम पाणी बादलीने. मॅनेजरने रजिस्टर पुढे केलं. "पत्रकार का एनजीओ?"

"दोन्ही नाही."

"मंग आले कायले?" त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. कापसाच्या संकटाच्या त्या वर्षांत यवतमाळला सहज म्हणून कुणी यायचं नाही. मंत्री यायचे, अभ्यासक यायचे, कॅमेरे यायचे. "मांगच्या हप्त्यात दोघं आलते बाहेरदेशातले," तो म्हणाला. "त्याइले उपाशी मानूस दाखवा म्हने. म्या म्हटलं, पयले नाश्ता तं करून घ्या."

नाश्त्याचा सल्ला मीही मानला. पोह्यांवर लाल तर्री ओतून देतात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतं, तिसऱ्याला दुसरी प्लेट सांगावी लागते. पुणेकरांनी तर्री वेगळ्या वाटीत मागावी आणि तिच्याकडे काही वेळ आदराने पाहावं.

तिथून दारव्ह्याच्या एसटीने बोरी अरब. पुढच्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली कळेल. माझ्याकडे बाईचं नाव नव्हतं, फक्त फोटोची मोठी प्रत होती. स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात ती टेबलावर ठेवली तर चार डोकी जमली.

"हे वच्छलाकाकू नाही का?" एक जण म्हणाला.

"हट्! काकूले इतकी गप कधी पाह्यली का तू?"

"म्हनून तं लवकर ओळखू नाही आली लेका."

पत्ता मिळाला. काळीपिवळी जीपमध्ये मी सतरावा बसलो. ड्रायव्हरने माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे बोट दाखवत विचारलं, "याइचं तिकीट?" आणि स्वतःच हसला. शेवटचा मैलभर रस्ता पायी. गावाच्या कडेला विहार, त्यावर पंचशील ध्वज, आणि त्याला लागून दोन खोल्यांचं निळं घर. ओट्यावर एक उंच, वाळका माणूस बाजेची सुतळी ओढून बांधत होता. हे किसनराव, वच्छलाबाईंचे यजमान.

मी फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "हे तं आमचीच हाय. काय केलं इनं?"

"काही नाही. सही हवी होती."

"सही?" सुतळी खाली ठेवत ते उठले. "मंग तिच्याच पाशी चाला. सहीचा कारभार मायाकडं नाही."

वच्छलाबाई त्यांच्याच तीन एकरांत वेचणी करत होत्या. तिथे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात, ती कमरेपर्यंत आली होती. दोन्ही हात बोंडांवर असे चालले होते की मला चित्रफीत घ्यायचा मोह झाला. मी कॅमेरा काढला. "थे ठेवा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "हे ओळ होऊ द्या. मंग पाहू कोन हाय तुमी."

ओळ झाली. बांधावरच्या लिंबाखाली डबा उघडला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. नको म्हणण्याची सोय नव्हती. ठेच्याने माझे कान गरम झाले तेव्हा किसनराव म्हणाले, "सावकाश, भाऊ. हा फक्त आमाले ओळखते."

मग मी फोटो पुढे केला आणि अभिमानाने नाव वाचलं: "पावसाची वाट पाहणारी शेतकरी स्त्री."

वच्छलाबाईंनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. "अवो भाऊ, झोयीत काय हाय माया?"

"कापूस."

"झाडावर काय हाय?"

"कापूस."

"अन् मी पावसाची वाट पाहून राह्यली? फुटलेल्या कापसावर पाऊस कोन मांगते जी? भिजला तं काया पडते, मंग कोनी हात नाही लावत. त्या दिवशी असाच ढग चढून आलता. मी त्याले शिव्या देऊन राह्यलती!"

"कोणत्या?" माझ्या तोंडून गेलं.

"थ्या तुमाले नाही सांगनार. तुमी पाहुने हाय."

तीन वर्षं जगभरातल्या संपादकांनी, दानशूरांनी आणि मी त्या चेहऱ्यात आशा पाहिली होती. त्यांतल्या एकालाही झोळीतला कापूस दिसला नव्हता. मलाही नाही, आणि मी तर तिथे उभा होतो.

संमतीपत्र काढलं. ते इंग्रजीत होतं. "इथे सही," पेन त्यांच्या हातात देत मी बोट ठेवलं. बायकोपाशी चाललेली युक्ती इथे चालली नाही. वच्छलाबाईंनी पिशवीतून चष्मा काढला. सातवीपर्यंत शिकलेल्या, पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन त्याच करतात, हे किसनरावांनी वाटेतच सांगितलं होतं. "माया बापानं सांगून ठेवलं हाय," त्या म्हणाल्या, "वाचल्याबिगर कागदावर नाव नाही टाकाचं. मले इंग्रजी येत नाही. तुमी मराठीत वाचा. सगळं."

मी वाचू लागलो. खरं सांगतो, तो फॉर्म मी पन्नासएक वेळा भरून घेतला असेल, पण वाचत पहिल्यांदाच होतो. माझी छायाचित्रं कायमस्वरूपी, जगभर, कोणत्याही माध्यमात, कोणत्याही कारणासाठी, फेरफार करून किंवा न करता...

"थांबा. कायम म्हंजे?"

"म्हणजे कायम."

"मी मेल्यावर?"

"तरीही."

"अन् फेरफार?"

"रंग बदलू शकतात. मागचं शेत काढून दुसरं काही लावू शकतात."

"मले लाल लुगडं नेसवतीन?"

"नेसवू शकतात."

"नवरा बदलतीन?" त्यांनी किसनरावांकडे तिरकं पाहत विचारलं. किसनरावांचा घास हातातच राहिला.

इथे हसून मोकळं व्हायचं होतं. पण एक गोष्ट मी पुण्याहून खिशात घालून आणली होती आणि दाखवायची नाही असं ठरवलं होतं. निघण्याआधी हा फोटो कुठे कुठे छापला गेला ते मी इंटरनेटवर शोधलं होतं. एका परदेशी मासिकात तो पानभर होता. खालच्या ओळीचं मी भाषांतर करून घेतलं होतं.

"वच्छलाताई," मी म्हणालो, "एका ठिकाणी नवरा काढूनच टाकलाय."

"म्हंजे?"

"तुम्ही विधवा आहात असं छापलंय."

किसनरावांनी घास खाली ठेवला. "म्हंजे मी मेलो?"

"त्या मासिकात."

"कायनं?"

त्या वर्षांत त्या जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर शब्दात द्यावं लागत नसे.

मग वच्छलाबाई म्हणाल्या, आणि आता आवाजात हसू नव्हतं, "गावात दोघी हायत. खऱ्या. त्याइच्या दारी कॅमेरेवाले येतात तं त्या दार लावून घेतात. अन् माया चेहरा तिथं लावला. उद्या त्याइनं पाह्यलं तं काय म्हनतीन? वच्छलीनं नवरा जिता ठेवून आमचं दुःख वापरलं म्हनतीन."

"मी नाही लावला, ताई. मासिकवाल्यांनी लावला."

"त्याच्या खालचे शब्द कोनं लिवले?"

संकट. प्रतीक्षा. दुष्काळ. सगळे मीच चिकटवलेले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या हातात दिलं. "सही नाही. अन् हा काढून टाका तिथून."

लेन्स गेली, हा विचार माझ्या मनात आला. आला हे लपवत नाही. पण त्यांचं संपलं नव्हतं. "इतक्या दूरून आले तं दुसरा काढा. त्याच्यावर देईन मी सही. पन हे संगं पाह्यजेत."

किसनरावांनी टोपी नीट केली. दोघं लिंबाखाली उभी राहिली, मध्ये हातभर अंतर. "जवळ या," मी म्हणालो.

"एवढंच ठीक हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं झाली, इतक्याच अंतरानं टिकलो."

आणि किसनराव हसले, त्या क्षणी मी बटण दाबलं. मग वच्छलाबाईंनी नवा फॉर्म घेतला, रिकाम्या जागेत सावकाश, गोल अक्षरात लिहिलं: 'दोघेही जिवंत आहेत. दुःखाच्या बातमीत लावू नये.' आणि खाली पूर्ण नाव.

परतीच्या वाटेचं फार सांगण्यासारखं नाही. गावाच्या फाट्यावरून शेवटची जीप पाच वाजता असते, ती चुकवू नका. निघताना वच्छलाबाईंनी तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी दिली. ती पुण्यापर्यंत मांडीवर होती.

घरी येऊन पहिल्याच सकाळी जुना फोटो माझ्या खात्यातून काढला. नवा पाठवला, तो दोन दिवसांत परत आला. कारण: संमतीपत्रावर नियमबाह्य मजकूर. मी पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. आता तो आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहे, दुसरी प्रत पोस्टाने गावाला गेली. बायकोने हा सगळा किस्सा ऐकला, शेंगा सोलता सोलता थांबली आणि म्हणाली, "माझे फॉर्म आण बरं. आणि मराठीत वाच." योगगुरू त्या संध्याकाळी निवृत्त झाली. टोमॅटोने अजून काही विचारलेलं नाही.

फोटो पोचल्यावर किसनरावांचा फोन आला. कुणाच्या तरी मोबाइलवरून, ओरडून.

"भाऊ, तो जुना काढला का?"

"माझ्याकडून काढला. आता नवीन कुणी घेऊ शकत नाही. पण ज्यांनी आधी घेतलाय त्यांच्याकडे तो राहणार. मासिकं छापून गेली, ती काही परत येत नाहीत."

मागे वच्छलाबाई कुणाला तरी रागावत होत्या, बहुधा ढगाला.

"म्हंजे तिकडं मी मेलेलाच?"

"हो, किसनराव. तिकडे मेलेलेच."

"जाऊ द्या," ते म्हणाले. "तिकडं कुठं जाचं हाय आपल्याले."