शंभर किलोमीटर चाललेली बॅग

रमेशभाऊंच्या दुकानात दोन गोष्टी साचत जातात, न विकल्या गेलेल्या बॅगा आणि किस्से. बॅगा निदान लग्नसराईत निघतात. किस्से मात्र सगळे माझ्याकडे जमा होतात. मी रिटायर्ड मास्तरीण. राहायला बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात. सकाळी साडेनऊला इतवारा बाजारात येऊन भाऊंच्या काउंटरपुढच्या स्टुलावर बसायचं आणि चहा प्यायचा, हा माझा नियम. तिथे मला कुणी गप्प बसा म्हणत नाही. तीस वर्षं ते काम मीच करत होते.

या किश्श्यांचं मूळ एकच. सहा वर्षांपूर्वी रमेशभाऊंनी जाहीर केलं, "पुढच्या कार्तिकात पायी नर्मदा परिक्रमा." ओंकारेश्वरला संकल्प सोडायचा, मैयाला उजव्या हाताला ठेवायचं, तिला कुठेही ओलांडायचं नाही आणि पूर्ण फेरी मारून परत तिथेच यायचं. तीन-साडेतीन हजार किलोमीटर. आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

पण भाऊ पडले बॅगवाले. त्यांचा एक सिद्धांत होता. "बाई, मैयाच्या वाटेवर सामानानं धोका नाही दिला पाहिजे. सब टेस्ट करके जाना. जी वस्तू शंभर किलोमीटर चालली नाही, ती सोबत घ्यायची नाही."

सिद्धांत चांगलाच होता. अडचण एवढीच की भाऊंना दुकान सोडता येत नव्हतं. मग शंभर किलोमीटर चालणार कोण? कुसुमवहिनी. भाऊंची बायको. दुकानाचं शटर सकाळी त्याच उघडायच्या, सायंकाळी बंदही त्याच करायच्या, आणि मधल्या वेळात भाऊंच्या परिक्रमेचं सामान अंगावर घालून बुऱ्हाणपूरभर चालायच्या. भाऊ वहीत नोंद करायचे.

* * *

सुरुवात बुटांपासून झाली. भाऊंचा पाय सात नंबर आणि वहिनींचाही सातच. लग्नात वहिनींच्या सासूबाईंनी यावरून नाक मुरडलं होतं म्हणे, "सुनेचे पाय पाहा केवढे." तेच पाय तीस वर्षांनी कामाला आले.

बूट आले ते डोंगर चढायचे, घोट्याच्या वरपर्यंत, मातकट रंगाचे, लाल नाड्यांचे. वहिनी सुती साडीवर ते बूट घालून रोज घरून ताप्तीच्या घाटापर्यंत जायच्या आणि यायच्या. पहिल्या आठवड्यात अख्खा बाजार मान वळवून बघत होता. भाजीवाल्या सखूबाईला राहवलं नाही. तिने मेथीची जुडी हातात धरूनच विचारलं, "भाभी, पायाला काय झालं? ऑपरेशन झालं का?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "काही नाही गं. पाय यांचे आहेत. मी फक्त चालवू राहिली."

* * *

त्यानंतर वजन. बॅग किती किलोची असावी यावर भाऊंचा अभ्यास चालू होता, पण ती भरली की किती होते हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. शेवटी एका रविवारी ती दगडूआप्पांच्या शेतावर नेली. आप्पा आमच्याच कंपूतले, ताप्तीकाठी केळी करतात. बोलतात कमी, पण बोलले की आपण दोन दिवस तेच आठवत बसतो.

आप्पांनी केळी तोलायच्या काट्यावर बॅग ठेवली. भरली एकोणीस किलो. आत दोन ब्लँकेटं, तीन टॉर्च, अडीच लिटरचा कुकर, नेलकटर दोन आणि छत्री असूनही रेनकोट.

आप्पांनी बॅग उचलून परत काट्यावर ठेवून पाहिली. मग म्हणाले, "भाऊ, येवढ्या वजनाचा घड आला म्हंजे आम्ही झाडाले टेकू लावतो. तुमाले कोन लावीन?"

वहिनींनी तिथेच बांधावर बसून बॅग उपसली. कुकर काढला, एक ब्लँकेट काढलं, दोन टॉर्च काढल्या. सुई-दोरा आत नव्हता, तो टाकला. बॅग तेरा किलोवर आली. भाऊंनी घरी जाऊन कुकर परत भरला. वहिनींनी दुसऱ्या दिवशी त्यात वरण लावलं. असं तीन वेळा झालं, तेव्हा कुकर कायमचा स्वयंपाकघरात राहिला.

* * *

रेनकोटची टेस्ट मे महिन्यात निघाली. बुऱ्हाणपूरचा मे! रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. भाऊ म्हणाले, पाऊस येईपर्यंत थांबलो तर वर्ष फुकट जाईल. (वर्ष तसंही फुकट गेलं, पण तो भाग वेगळा.)

मग आप्पांच्या विहिरीवरच्या मोटरपाशी कार्यक्रम ठरला. वहिनींनी रेनकोट चढवला, आत सुकी साडी, पाठीवर बॅग. आप्पांनी पाइप वर धरून मोटर सुरू केली. भाऊ आंब्याच्या सावलीत वही घेऊन बसले आणि ओरडून विचारू लागले, "खांद्यातून येऊ राहिलं का? शिवणीतून? आता जरा वाकून बघ. आता बस. आता चालून बघ."

दहा मिनिटं हे चाललं. मी आपली पाहुणी म्हणून कैरी खात होते.

भाऊंनी शेवटचं विचारलं, "पाणी आत आलं का?"

धारेखालून आवाज आला, "पाणी नाही आलं. मी बाहेर येऊ का?"

* * *

आता दगडूआप्पांचं सांगते. तिसऱ्या वर्षी देवउठनी एकादशीच्या दोन दिवस आधी आप्पा दुकानात आले. त्यांना सुतळी पाहिजे होती. भाऊंनी विचारलं, कशाला? आप्पा म्हणाले, "वळकटी बांधाले."

भाऊंनी त्यांना बसवलं आणि वळकटी कशी असावी यावर दीड तास सांगितलं. ओल धरणारं कापड कोणतं, न धरणारं कोणतं. त्यातून विषय पाण्याच्या बाटलीवर गेला. स्टीलची की प्लास्टिकची, झाकण फिरवायचं की दाबायचं. काउंटरवर सात बाटल्या मांडल्या होत्या. आप्पांनी सगळं ऐकलं, चहा पिऊन सुतळी घेतली आणि गेले.

नंतर कळलं की आप्पा खताच्या रिकाम्या गोणीत एक कांबळं आणि धोतर घालून परिक्रमेला गेले. शेत मुलावर सोपवलं. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

चैत्रात परत आले. वजन कमी झालेलं, दाढी छातीपर्यंत, टायरच्या चपलेचा तळ पापडासारखा झालेला. सरळ दुकानात आले. आम्ही उठून पाया पडलो. भाऊ काउंटरमागून बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन हातांत दोन बाटल्या होत्या.

आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय भाऊ, बाटली झाली का पसंत?"

भाऊ हसले. मीही हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या आप्पांच्या पायांकडे बघत होत्या.

* * *

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो खकनारच्या रस्त्यावर. बॅगेची शेवटची परीक्षा होती. दोन दिवसांत खकनारला चालत जायचं आणि पुढचे दोन दिवस परत यायचं. अर्ध्या वाटेपर्यंत मी सोबत जाईन असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आठ किलोमीटरवर माझा गुडघा बोलू लागला. आम्ही एका कपाशीच्या शेताच्या कडेला बसलो. वहिनींनी बॅग उतरवली, तीही घरात पदर सारखा करावा तशी.

मी म्हटलं, "वहिनी, बॅग तुम्हाला छान बसली."

"बसेलच ना. पट्टे लांब होते. मीच उसवून माझ्या मापाचे शिवले. काठी पण कापून घेतली, नाही तर बगलेत घुसत होती." मग त्या बुटाच्या नाड्या बांधत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, एक सांगू? मला जायचंय."

"भाऊंबरोबर?"

"कोणाबरोबर पण. माझे पाय केव्हाचे निघाले. यांची बॅग निघत नाही."

मी विचारलं, मग बोलत का नाही. त्या म्हणाल्या, "ते एकच विचारतील, दुकान कोण पाहील? त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही."

मला स्वतःची लाजच वाटली. पाच वर्षं मी स्टुलावर बसून हसत होते आणि ही बाई माझ्यासमोर परिक्रमेची तयारी करत होती. मी रिक्षाने परत आले. वहिनी खकनारला जाऊन आल्या. भाऊंनी वहीत लिहिलं, बॅग पास.

* * *

सगळं पास झाल्यावर भाऊंना कारण उरलं नाही. यंदा त्यांनी तारीख जाहीर केली. दुकान वहिनी पाहतील, हेही जाहीर केलं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या चहाचे कप गोळा करत होत्या.

निघायच्या सकाळी वहिनींनी पहाटेच दुकान उघडलं, कारण भाऊंना ऐन वेळी जादा दोरी आठवली. मग शटर ओढलं, कुलूप लावलं आणि आप्पा धरून आम्ही चौघं जीपमध्ये बसलो. भाऊंच्या गळ्यात झेंडूचा हार. नवे पांढरे कपडे. पायात मात्र दुकानातल्या चपला, कारण बूट घाटावरच घालायचे होते.

ओंकारेश्वरच्या घाटावर गुरुजी तयार होते. आधी बॅगेतून बूट काढले. भाऊंनी पाय घातला. सात नंबरच, पण सहा वर्षांत त्या बुटाने दुसऱ्या पायाचा आकार घेतला होता. भाऊ चार पावलं चालले आणि पायरीवर बसले. बॅग घेतली तर पट्टे काखेत रुतले. काठी टेकवली तर भाऊ म्हातारबुवासारखे वाकले. वहिनींच्या खांद्याएवढी ती काठी.

गुरुजींना वेळ नव्हता. त्यांनी विचारलं, "परिक्रमा किसको उठानी है?"

भाऊंनी बूट उतरवून पायरीवर ठेवले. आप्पा आकाशाकडे बघत होते.

वहिनी पुढे आल्या. भाऊंच्या खांद्यावरून बॅग अलगद उतरवून स्वतःच्या पाठीवर घेतली. पायरीवर बसून बूट घातले आणि नाड्यांना दोन-दोन गाठी मारल्या. मग गुरुजींपुढे ओंजळ धरली.

भाऊंचा आवाज अगदी लहान झाला होता. "कुसुम, दुकान कोण पाहील?"

"तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "मी सहा वर्षं तुमची बॅग पाहिली ना?"

संकल्प झाला. बाटलीत मैयाचं पाणी भरलं, बाटली तीच, भाऊंनी सातांतून निवडलेली. आम्ही "नर्मदे हर" म्हटलं. वहिनींनी भाऊंच्या पायाला हात लावला, मला मिठी मारली आणि मैया उजव्या हाताला ठेवून चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही. चाल बघून कुणी म्हणालं नसतं की ही बाई पहिल्यांदा निघाली आहे.

आम्ही तिघं जीपने परत निघालो. खंडव्याला चहाला थांबलो तेव्हा भाऊंनी खिसे चाचपले. आधी सदऱ्याचे, मग पायजम्याचे. "बाई, दुकानाची चावी?"

सकाळी कुलूप वहिनींनी लावलं होतं. चावी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात गेली होती.

"दुसरी चावी असेल ना?" मी विचारलं.

"त्याच जुडग्यात आहे."

आप्पा म्हणाले, "कुलूप तोडून टाकू. दोन मिन्टाचं काम."

भाऊंनी चहा अर्धा ठेवला. "नको. चांगलं कुलूप आहे. कुसुम आज कितीशी पुढं गेली असेल? मी चावी घेऊन उद्या सकाळी येतो." आणि ओंकारेश्वरच्या बसमध्ये चढले. हातात एक पिशवी, त्यात हार आणि टॉवेल. पायात दुकानातल्या चपला.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी रोज साडेनऊला जाऊन बंद शटरपुढे उभी राहते आणि शेजारच्या कटलरीवाल्याकडे चहा पिते. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगते, चावी आणायला गेलेत.

काल, सोळाव्या दिवशी, भाऊंचा फोन आला. आवाजात वारा होता आणि मागे कुणीतरी भजन म्हणत होतं. बडवानीच्या पुढे आहोत म्हणाले. कुसुमचे पाय चांगले आहेत, एका आश्रमात खिचडी फार छान होती, चपलेचा अंगठा तुटला होता तो कुसुमने सुई-दोऱ्याने शिवून दिला.

मी म्हटलं, "ते सगळं राहू द्या, भाऊ. चावी मिळाली का?"

"मिळाली ना," भाऊ म्हणाले. "पहिल्याच दिवशी."