सोबत अनुभवी चालक

आमच्या घरात गाडी सगळ्यांत चांगली कोण चालवतं, यावर कधी वाद झाला नाही. मी चालवते. लग्नाआधी कोल्हापुरात वडिलांच्या दवाखान्याची गाडी माझ्याच हाती असायची, लग्नानंतर सांगलीतही चालवली, आणि नऊ वर्षांत कुणाच्या कोंबडीलासुद्धा धक्का लावला नाही. आमचे हे गाडी शिकले ते रियाधला आल्यावर, सदतिसाव्या वर्षी, आणि तेही पुस्तक वाचून. त्याच रियाधमध्ये बायकांना गाडी चालवायची बंदी, म्हणून माझं लायसन्स कपाटात साड्यांखाली गेलं आणि मी उजवीकडच्या सीटवर आले. गंमत अशी की भारतात स्टिअरिंग नेमकं त्याच बाजूला असतं. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने माझा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता.

इराकने कुवेत गिळलं त्या वर्षी आमच्या मुलाला अठरा पूर्ण झाली आणि लायसन्स मिळालं. दर शुक्रवारी अल खर्जच्या रस्त्यावर, डेअऱ्यांच्या अलीकडे जिथे गर्दी नसते तिथे, हे त्याला सरावाला नेत. हे पुस्तकातलं सांगायचे, मी मागच्या सीटवरून त्यातलं चुकलेलं दुरुस्त करायची, आणि मुलगा दोघांनाही इंग्रजीत सांगायचा की एका वेळी एकानेच बोला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते काम मी त्या वाळवंटात अगदी मन लावून केलं. पोरगं तरीही बरं चालवायला लागलं. फक्त वळणावर वेग कमी करायचा असतो हे त्याला पटत नव्हतं.

जानेवारी उजाडला तसं शहर बदललं. शाळा बंद झाल्या, बायका खिडक्यांना चिकटपट्ट्या लावू लागल्या, आणि गॅसचे मास्क कुठे मिळतात याची चौकशी भाजीच्या भावाइतकीच सहज व्हायला लागली. जेद्द्याला शराफिया भागात रत्नागिरीकडचे एक व्यापारी होते. कोकम, पापड, खोबऱ्याचा माल घेऊन महिन्याआड रियाधला यायचे, आम्ही त्यांना भाई म्हणायचो. त्यांचा फोन आला, "वैनी, दुकानावरची खोली रिकामीच हाय. युद्ध खलास होईपर्यंत या तुमी." जेद्दा लांब, क्षेपणास्त्रं तिथवर पोचणार नाहीत असं सगळेच म्हणत होते. पण विमानांचा भरवसा राहिला नव्हता आणि हे होते एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. बँक आमची कफील, म्हणजे तिच्या पत्राशिवाय शहराबाहेर जाता येत नसे. तिने आम्हाला प्रवासाचं पत्र दिलं, ह्यांना मात्र एका दिवसाचीही रजा दिली नाही. म्हणजे साडेनऊशे किलोमीटर गाडी नेणार कोण? घरातली उत्तम चालक बुरख्यात शेजारी बसणार, आणि वळणावर वेग न कमी करणारा चालवणार.

ह्यांनी एकच अट घातली. मुलाच्या नावाचा विमा झाल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. हा माणूस विम्याच्या बाबतीत पहिल्यापासून असाच. आमच्या घरात मिक्सरचाही विमा होता आणि मी त्यावरून ह्यांची टिंगल करत आले होते. पण या वेळी मलाही ते पटलं. तिथे तेव्हा गाडीच्या विम्याची सक्ती नव्हती. बहुतेक लोक तसेच चालवायचे. मात्र अपघातात कुणाला लागलं, तर भरपाई कोण देणार हे ठरेपर्यंत चालवणारा कोठडीत. विमा असेल तर कंपनीचा माणूस कागद घेऊन येतो आणि पोरगं घरी. नसेल तर किती दिवस लागतील याचा नेम नाही, आणि मी परक्या गावात एकटी बाई, धड अरबी न येणारी. खरं सांगते, मला क्षेपणास्त्रापेक्षा त्या कोठडीची भीती जास्त वाटत होती.

पहिल्या कंपनीत आम्ही तिघं गेलो. इजिप्तच्या साहेबांनी चहा पाजला आणि पंचविशीच्या आतल्या मुलाचा विमा आम्ही करत नाही, असं गोडीत सांगितलं. तेव्हा आमच्या ह्यांनी ब्रीफकेस उघडली. आतून प्लास्टिकच्या फोल्डरमधलं मुलाचं दहावीचं गुणपत्रक निघालं. सोबत शाळेच्या प्रिन्सिपलचं चारित्र्याचं प्रशस्तिपत्र, आणि दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या तीन तीन साक्षांकित प्रती. मराठी माणूस कुठल्याही दारात गुणपत्रक घेऊन जातो. पोरगा हुशार आहे हे एकदा सिद्ध झालं की जगातली सगळी दारं उघडतात, यावर आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. साहेबांनी ते शांतपणे वाचलं. "संस्कृतमध्ये चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. "फार छान. पण आमच्या रस्त्यांवर पाट्या अरबीत आहेत." मुलगा कानापर्यंत लाल झाला. मी पदराआड हसू दाबायला गेले, तेव्हा लक्षात आलं की बुरख्याला पदर नसतो.

दुसऱ्या कंपनीने तयारी दाखवली, पण हप्ता एवढा सांगितला की त्यात आमच्या गाडीसारखी दुसरी जुनी गाडी आली असती. ह्यांनी तरीही गुणपत्रक काढलंच.

तिसरं ऑफिस बथाच्या बाजारात, एका जिन्यावर होतं. तिथला कारकून केरळचा, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं कमी. त्याने गुणपत्रकाकडे पाहिलंही नाही. फॉर्म पुढे ओढला आणि हिंदीत म्हणाला, "उमर कम है, पैसा ज्यादा लगेगा. हाँ, बाजू में पाँच साल का लायसन्स वाला कोई बैठेगा, तो बहुत कम होगा. फॅमिली में है कोई?"

हे म्हणाले, "मैं हूँ, लेकिन मैं जा नहीं सकता."

"और कोई?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून माझं लायसन्स काढलं. आदल्या दिवशी ते साड्यांखालून का काढून घेतलं होतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कारकुनाने ते उलटसुलट करून पाहिलं, मग चष्मा डोळ्यांवर घेऊन मला पाहिलं.

आता गप्प बसतील तर ते आमचे हे कसले. पुढे वाकून म्हणाले, "देखिए, ये यहाँ चला नहीं सकतीं. आपको बताना मेरा फर्ज है."

"चलाना किसको है?" कारकून म्हणाला. "फॉर्म में लिखा है, बैठना है. लायसन्स मर्द का या औरत का, फॉर्म में लिखा नहीं."

"और बैठेंगी तो बोलेंगी भी," मुलगा हळूच म्हणाला. त्या कारकुनाला तेव्हा एकदाच हसताना पाहिलं. हप्ता निम्म्याहून खाली आला, आणि त्या रकान्यात माझ्या नावाची आद्याक्षरं आणि लायसन्सचा नंबर चढला. सोबत अनुभवी चालक म्हणून. त्या देशात एवढ्या वर्षांत माझ्या गाडी चालवण्याची कुणी दखल घेतली ती एवढीच. जिना उतरताना मी उगाचच ताठ चालत होते.

दोन दिवसांनी पहाटेची अजान झाल्यावर निघालो. ह्यांनी चारही टायर लाथेने तपासले, मुलाला सात सूचना दिल्या, मला एकही नाही. पॉलिसीचा लिफाफा माझ्या पर्समध्ये ठेवला आणि म्हणाले, "अगं, त्याला फार बोलू नकोस." मी बोललेच. आरसा बघ, ट्रकमागे इतका चिकटू नकोस, पाणी पी. "आई, रिलॅक्स," हे मुलाचं उत्तर मी शंभरेक वेळा ऐकलं असेल. ताइफनंतर डोंगर उतरायचा होता, एकामागून एक अशी वळणं की खाली पाहवत नव्हतं. तिथे माझी बोलतीच बंद झाली. पोराने प्रत्येक वळणावर वेग कमी केला. चौथ्या-पाचव्या वळणाला मान न वळवता तो मराठीत म्हणाला, "आई, बोल ना काहीतरी." मग मी सावकाश सांगत गेले, गिअर खाली घे, आता सोड, आता उजवीकडे, आणि तो तसं करत गेला. खाली मक्केचा रस्ता आणि आम्हा बिगरमुस्लिमांचा वळसा वेगळा होतो, ती पाटीसुद्धा त्यानेच आधी पाहिली. अंधार पडायच्या आत शराफियात पोचलो.

आठवड्याभरात रियाधवर क्षेपणास्त्रं यायला लागली. हे रोज संध्याकाळी भाईंच्या दुकानात फोन करायचे आणि काय विचारायचे, तर टायरमध्ये हवा किती आहे. मला राग यायचा. इथे जीव टांगणीला लागलेला आणि ह्यांना हवेची पडली होती.

एका दुपारी मुलाने गल्लीत गाडी मागे घेताना खांबाला घासली. नुकसान फार नव्हतं, बंपरला ओरखडा. काय करायचं असतं ते बघावं म्हणून मी पॉलिसी पहिल्यांदा उघडली. मुलाचं नाव, माझी आद्याक्षरं, अपघात, आग, चोरी, पूर, सगळं होतं. सहाव्या पानावर विमा कशाला लागू नाही ते होतं, आणि तिथे पहिलीच ओळ युद्धाची. युद्ध, आक्रमण, बॉम्ब, क्षेपणास्त्र. त्या ओळीखाली ह्यांनी पट्टी धरून पेनने रेघ मारली होती.

संध्याकाळी फोन आल्यावर मी आधी बंपरचं सांगितलं. मग विचारलं, "अहो, सहावं पान तुम्ही वाचलं होतंत?"

"हो. सही करायच्या आधीच."

"मग बोलला नाहीत ते."

"काय बोलायचं? पैसे देऊन जेवढं झाकता आलं तेवढं झाकलं. एवढं एकच उघडं राहत होतं," ते म्हणाले. "त्यापासून तुम्हाला लांब पाठवलं."

"आणि तुम्ही?"

"मी काय, बँकेतच असतो."

मिक्सरच्या विम्यावरून ज्याला वर्षानुवर्षं हसले, तो माणूस त्या उघड्या राहिलेल्या एका ओळीत एकटा राहत होता, आणि रोज मला टायरमधली हवा विचारत होता. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यासमोरच रडायला लागले. पलीकडून हे विचारत होते की ओरखडा किती खोल आहे, पत्रा दिसतो का. मला सांगता येईना, म्हणून मी फोन मुलाच्या हातात दिला.